काट्याला साक्ष लागते

बंद पडलेल्या काट्याची मला कधी धास्ती वाटली नाही. तो शून्यावर पडून राहतो, पायलटच्या लगेच लक्षात येतं, लॉगबुकात नोंद होते. आम्ही यंत्र उतरवतो, लाल टॅग बांधतो आणि बेंचवर घेतो. धास्ती असते ती चालणाऱ्या काट्याची. तो हलतो, वळणावर झुकतो, चढताना चढतो, सगळं रीतसर करतो आणि तरीही दाखवतो ते खरं नसतं. पायलटला संशय यायला जागाच उरत नाही. छोट्या विमानाच्या कॉकपिटमधल्या यंत्रांची देखभाल म्हणजे मुख्यतः असल्या काट्यांचा शोध, आणि तो शोध एकाच तत्त्वावर चालतो: कुठल्याही काट्याला त्याच्या एकट्याच्या शब्दावर सोडायचं नाही, त्याला दुसरा साक्षीदार हवा.

माझी नोकरी जुहूला झाली. घाटकोपरहून दादर, दादरला पूल चढून वेस्टर्नची गाडी, पार्ल्याला उतरून एस. व्ही. रोडला आलं की विमानतळाची भिंत. २०१४ साली घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि दादरची गर्दी सुटली. रस्त्यावरून जाणाऱ्यांना विमानतळावर बहुतेक हेलिकॉप्टरंच दिसतात, कारण बॉम्बे हायच्या तेलफलाटांवर माणसांची ने-आण करणारी हेलिकॉप्टरं इथून उडतात. पण जुहूची ओळख छोट्या विमानांची आहे. हा विमानतळ १९२८चा, बॉम्बे फ्लाइंग क्लबही तेव्हाचाच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन इथेच उतरले, पस मॉथ नावाच्या एका इंजिनाच्या विमानातून. त्यात रेडिओ नव्हता. होकायंत्र, मनगटावरचं घड्याळ, मांडीवरचा नकाशा आणि पॅनलवर मोजक्या तबकड्या, एवढ्यावर तो प्रवास झाला. आता सांताक्रूझच्या मोठ्या विमानांच्या गर्दीत शिकाऊ पायलटांना इथे जागा उरली नाही. क्लबचं उड्डाण-प्रशिक्षण धुळ्याला चालतं. यंत्रं मात्र जुहूची असोत की धुळ्याची, तपासायची पद्धत एकच.

सेस्ना १५२ किंवा १७२ अशा दोन-चार माणसांच्या विमानात पायलटसमोर सहा गोल तबकड्या असतात, तीन-तीनच्या दोन ओळींत. वर वेग, कृत्रिम क्षितिज आणि उंची. खाली वळण, दिशा आणि चढण्या-उतरण्याचा वेग. यातल्या तीन बाहेरच्या हवेच्या दाबावर चालतात, तीन आत गरगर फिरणाऱ्या जायरोवर. शिवाय समोरच्या काचेपाशी एक छोटं होकायंत्र असतं, ज्याला ना वीज लागते ना हवा.

हवेपासून सुरुवात करते, कारण माझं निम्मं आयुष्य तिच्यात गेलं. डाव्या पंखाखाली पुढे तोंड केलेली एक नळी असते, तिला पिटो ट्यूब म्हणतात. विमान पुढे गेलं की समोरची हवा तिच्यात दाबली जाते. धडाच्या बाजूला एक बारीक भोक असतं, ते स्टॅटिक पोर्ट. तिथून आत येतो तो नुसता आजूबाजूच्या हवेचा दाब. दोन्हींतला फरक म्हणजे वेग. नुसत्या स्टॅटिकवरून उंची कळते. आणि स्टॅटिक किती झपाट्याने बदलतोय यावरून विमान मिनिटाला किती फूट चढतंय किंवा उतरतंय ते कळतं.

हे दाब किती नाजूक असतात हे बेंचवर पाहिल्याशिवाय पटत नाही. काचेच्या यू आकाराच्या नळीत पाणी भरलं की झाला मॅनोमीटर. ६० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १११ किलोमीटर वेगाला पिटो ट्यूबमध्ये येणारा जादा दाब पाण्याच्या जेमतेम ६ सेंटीमीटर उंचीएवढा असतो. १२० नॉटला वेग दुप्पट होतो, पण दाब चौपट, २४ सेंटीमीटर. म्हणून कमी वेगाला या यंत्राची परीक्षा सगळ्यांत कडक असते. उतरायला आलेली सेस्ना १७२ साधारण ६५ नॉटवर असते. वेग पंचेचाळिसाच्या खाली घसरू लागला की पंखांचा आधार सुटण्याची भीती. या दोहोंमधलं अंतर माझ्या नळीत दोन बोटं पाणी. तेवढ्या दाबात यंत्राच्या आतली पातळ धातूची डबी किंचित फुगते, ती हालचाल बारीक दात्यांतून काट्यापर्यंत जाते आणि माणसं सुखरूप जमिनीला लागतात.

हँगरमध्ये पहिल्या दिवशी आमच्या फोरमननी मला एकच गोष्ट बजावली होती. “अगं, काहीही कर, पण पिटोला तोंड लावून फुंकायचं नाही.” नव्या मुलांना तो मोह होतोच, फुंकर मारली की काटा हलतो, गंमत वाटते. पण माणूस जोरात फुंकला तर अर्धा मीटर पाणी सहज चढवतो, म्हणजे काटा तबकडीच्या पार शेवटाला आदळतो, आणि वर तोंडातली वाफ नळीत जाते ती वेगळीच.

नळीत जाणाऱ्या गोष्टींत सगळ्यांत हट्टी म्हणजे कुंभारीण माशी. घरातल्या प्लगच्या भोकांत मातीचं घर करते तीच. तिला पिटो ट्यूबचा व्यास अगदी सोयीचा पडतो. म्हणून उभ्या विमानाच्या पिटोवर लाल पट्टी लोंबणारं कव्हर घालायचं असतं. दिवाळीच्या सुट्टीत कव्हराशिवाय उभं राहिलेलं एक विमान माझ्याकडे आलं होतं. टेकऑफच्या धावेत वेगाचा काटा जागचा हलला नाही, म्हणून पायलटने तिथेच थांबून ते परत आणलं. नळी उतरवून पाहिली तर आत वाळलेली माती, घट्ट. काटा हललाच नाही हे त्या पायलटचं नशीब. कारण नळीचं तोंड आणि पाणी निथळायचं भोक दोन्ही उडाल्यावर बुजली, तर आत कोंडलेल्या दाबामुळे वेगाचा काटा उंचीच्या काट्यासारखा वागू लागतो. विमान चढेल तसा तो जास्त वेग दाखवतो. पायलटला वाटतं, वेग फार झाला, म्हणून तो नाक वर घेतो. खरा वेग आणखी पडतो.

६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या प्युर्टो प्लाटाहून निघालेलं बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ असंच समुद्रात गेलं. १८९ माणसं होती, एकही वाचलं नाही. विमान बरेच दिवस कव्हराशिवाय उभं होतं, आणि कॅप्टनच्या बाजूची पिटो ट्यूब बहुधा अशाच माशीच्या घराने बुजली असावी असा चौकशीचा निष्कर्ष होता. सहवैमानिकाचा वेगमापक त्या वेळी बरोबर दाखवत होता. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लिमाहून उडालेलं एरोपेरूचं विमान पडलं, ७० जण गेले. विमान धुताना पाणी जाऊ नये म्हणून स्टॅटिक पोर्टवर चिकटपट्टी लावली होती, ती काढायची राहिली. हे वाचल्यापासून आमच्या शॉपमध्ये पारदर्शक चिकटपट्टीला बंदी झाली. भोकं झाकायची तर भडक रंगाच्या पट्टीने, आणि पट्टी लावणाऱ्याने कागदावर लिहून ठेवायचं.

मुंबईत आमचा मोठा शत्रू मात्र पाऊस. जुहूचं मैदान सखल. टाटांच्या सुरुवातीच्या काळात तर पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं, आणि विमानसेवा पुण्याला हलवावी लागायची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आसपासच्या वस्त्यांनी भोगलं ते सगळ्यांना आठवतं. पण रोजच्या साध्या पावसातही स्टॅटिकच्या नळ्यांमध्ये पाण्याचा एखादा थेंब शिरतो. विमान नाक वर करतं तेव्हा तो एकीकडे सरकतो, खाली करतं तेव्हा दुसरीकडे, आणि उंचीचा काटा उगाच दचकतो. पायलट स्नॅग, म्हणजे बिघाडाची तक्रार, लिहून देतो, “अल्टिमीटर जंप करतो.” बेंचवर यंत्र मात्र निर्दोष निघतं, कारण दोष नळीत असतो. मग पॅनलच्या मागे, गुडघे पोटाशी घेऊन, एकेक यंत्र नळीपासून सुटं करायचं, आणि मगच नळीत कोरडी हवा सोडायची. यंत्रं जोडलेली ठेवून हवा मारली तर एका झटक्यात सगळ्या डब्या फाटतात.

नंतर लीक टेस्ट. स्टॅटिक पोर्टला नळी जोडून हळूहळू हवा ओढून घ्यायची, इतकी की उंचीचा काटा १००० फूट वर जावा. मग झडप बंद करायची आणि घड्याळाकडे पाहत एक मिनिट थांबायचं. अमेरिकेच्या नियमांत अशा विमानासाठी मर्यादा १०० फुटांची आहे, मिनिटात त्याहून जास्त खाली येता कामा नये. हे एक मिनिट मला नेहमी फार आवडायचं. गळती असेल तर काटा खोटं बोलत नाही, तो शांतपणे उतरू लागतो. मग प्रत्येक जोड तपासायचा, प्रत्येक रबर नळी बोटांनी चाचपायची. समुद्र हाकेच्या अंतरावर असल्याने खारी हवा धातूच्या जोडांना खाते, आणि उन्हाने रबर तडकतं. गळती कॉकपिटच्या आत असेल तर परिणाम आणखी फसवा असतो: उडताना केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी असतो, त्यामुळे उंचीही जरा जास्त दिसते आणि वेगही. दोन्ही काटे एकमेकांशी सुसंगत आणि दोन्ही चुकीचे.

उंचीच्या यंत्राविषयी सामान्य माणसाला एक गोष्ट ठाऊक नसते. अल्टिमीटर उंची मोजतच नाही, हवेचा दाब मोजतो आणि तो फुटांत सांगतो. म्हणून त्याच्या बाजूला एक बटण असतं. टॉवरकडून त्या वेळचा दाब विचारून ते फिरवायचं. मुंबईत जानेवारीत समुद्रसपाटीचा दाब १०१३ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, जुलैत तो १००३ पर्यंत उतरतो. एका हेक्टोपास्कलला धरा साधारण २८ फूट. म्हणजे जानेवारीचा आकडा ठेवून कुणी जुलैत उडालं तर काटा जवळपास ३०० फूट जास्त दाखवेल. बोरिवली आणि मुलुंड यांच्या मधल्या राष्ट्रीय उद्यानात जांभूळमाळचा डोंगर ४६८ मीटर, म्हणजे सुमारे १५३५ फूट उंच आहे. ढगात काटा १८०० दाखवत असेल आणि विमान खरं १५०० वर असेल, तर काय होईल ते सांगायला नको.

बटण फिरवून दाब लावला की जमिनीवर उभ्या विमानाचा अल्टिमीटर त्या विमानतळाची उंची दाखवायला हवा. जुहूला ती समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर. काटा साठ फूट दाखवतोय म्हणून तक्रार आली की मालक म्हणतात, “मॅडम, तो बारका स्क्रू जरा फिरवून काटा जागेवर आणा ना, पाच मिनिटांचं काम.” स्क्रू आहे, हे खरं. तो सैल करून काटा आणि दाबाची पट्टी यांचा मेळ बदलता येतो. पण ते काम विमानात बसून करायचं नसतं. यंत्रातली डबी जुनी झाली, थकली, की तिची चूक सगळ्या उंचीला सारखी नसते. जमिनीवर साठ फुटांची चूक दाबून टाकली, तर सहा हजार फुटांवर ती दुप्पट होऊन उभी राहू शकते. म्हणून यंत्र उतरवायचं, बेंचवरच्या बंद भांड्यात ठेवायचं, टप्प्याटप्प्याने वर न्यायचं, तसंच खाली आणायचं, आणि प्रत्येक टप्प्याला चूक लिहायची. चढतानाचा आणि उतरतानाचा आकडा वेगळा आला तर तेही लिहायचं. बेंचला मुद्दाम थोडं कंपन देतात, कारण विमानात इंजिनाच्या थरथरीने काटे मोकळे राहतात. शांत टेबलावर तेच काटे अडकून बसतात. हा सगळा तक्ता हाती आल्यावरच स्क्रूला हात लावायचा. पाच मिनिटांत ते होत नाही, आणि मी कधी केलं नाही.

आता जायरो. वेगाने फिरणारं जड चाक आपली दिशा सोडत नाही, विमान भोवती कसंही वळो. कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक यांच्या पोटात अशी चाकं मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेतात. सेस्नात त्यांना फिरवतो इंजिनावर चालणारा व्हॅक्यूम पंप: तो हवा खेचतो आणि ती हवा चाकाच्या कडेवर आदळत जाते. ही हवा केबिनमधूनच येते, म्हणून वाटेत फिल्टर. धुळ्याच्या उन्हाळ्यात जमिनीवर इंजिन चालवलं की फिल्टर काळा-तांबडा व्हायला वेळ लागत नाही. पूर्वी कॉकपिटमध्ये सिगारेट ओढणारे असत. त्यांच्या विमानाचा फिल्टर हातात घेतला की वासावरूनच कळायचं. पंपाच्या आत कार्बनची पाती असतात. ती झिजतात आणि एके दिवशी आगाऊ सूचना न देता तुटतात.

गोम पुढे आहे. पंप गेला तरी चाक लगेच थांबत नाही. ते मंदावत जातं, काही मिनिटं, आणि क्षितिजाची रेघ हळूहळू कलू लागते. ढगात असलेला पायलट त्या कलत्या रेघेला सरळ करायला विमान कलवत जातो. यावर उपाय विमान बनवणाऱ्यांनी पॅनलमध्येच करून ठेवला आहे: क्षितिज हवेवर चालतं, तर वळणदर्शक बहुतेक सेस्नांत विजेवर. एकाची शक्ती गेली तरी दुसरा जिवंत राहतो. म्हणूनच मी या दोन यंत्रांची तपासणी एकाच माणसाने एकाच दिवशी घाईत उरकू नये अशा मताची आहे.

मुंबईकरांना हे सांगताना मला १ जानेवारी १९७८ची रात्र आठवते. एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि उडाल्यावर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. चौकशीत निघालं की कॅप्टनच्या बाजूचं क्षितिज-यंत्र बिघडून विमान उजवीकडे कललं आहे असं दाखवत राहिलं, आणि त्याला सावरायला विमान डावीकडे लोटलं गेलं. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, बाहेर पाहून खात्री करायला क्षितिज नाही. कॉकपिटमध्ये इतर यंत्रं होती, पण ती पाहून निर्णय घ्यायला काही सेकंदच मिळाले. पुढे अमेरिकेतल्या न्यायालयात यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांवर खटला चालला, तो त्यांच्या बाजूने लागला. हा वाद मी इथे सोडवणार नाही. शॉपमध्ये आम्ही त्या अपघाताकडे एवढ्याचसाठी परत परत जायचो की अत्यंत अनुभवी माणूसही डोळ्यांसमोरच्या एका तबकडीवर विश्वास ठेवतो, आणि त्याने ठेवावा अशीच ती बनवलेली असते.

दिशादर्शक जायरोलाही एक उपजत खोड आहे. चाक आपली दिशा सोडत नाही, पण खाली पृथ्वी फिरते. मुंबईच्या १९ अंश अक्षांशावर एवढ्यानेच तासाला सुमारे ५ अंशांचा फरक पडतो. बेअरिंग जुनं असेल तर त्याहून जास्त. म्हणून पायलटने दर पंधरा मिनिटांनी ते होकायंत्राशी ताडून बरोबर करायचं. दिशेच्या यंत्राचा साक्षीदार होकायंत्र, मग होकायंत्राचा साक्षीदार कोण?

त्याचं उत्तर म्हणजे आमचं सगळ्यांत जुनं काम, कंपास स्विंग. विमान इमारतींपासून, लोखंडी हँगरपासून दूर मोकळ्या फरशीवर न्यायचं. इंजिन चालू, रेडिओ चालू, सगळं उडताना असतं तसं. एक जण बाहेर लांब उभा राहून हातातल्या प्रमाण होकायंत्राने विमानाची खरी चुंबकीय दिशा पाहतो, दुसरा आत बसून विमानातल्या होकायंत्राचा आकडा वाचतो. खिशातल्या किल्ल्या, मोबाइल, पट्ट्याचं बक्कल, सगळं काढून ठेवायचं. होकायंत्रात दोन छोटे चुंबक असतात, ते पितळी स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे. लोखंडी स्क्रूड्रायव्हर जवळ नेला की सगळं मोजमाप वाया. उत्तर आणि पूर्व पूर्ण बरोबर करायच्या, मग दक्षिण आणि पश्चिमेला उरलेली चूक निम्मी करायची. नंतर दर ३० अंशांनी विमान वळवत बारा दिशांची नोंद घ्यायची आणि उरलेली चूक एका छोट्या कार्डावर लिहून होकायंत्राखाली लावायची. ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या फरशीवर, पंख्याच्या वाऱ्यात ओरडून आकडे सांगताना घसा बसतो. पण हे काम मला फार प्रिय होतं, कारण यात बेंच नाही, पृथ्वीच्या चुंबकाशीच थेट गाठ.

आणि या बाबतीत मुंबई जगातल्या भाग्यवान जागांपैकी आहे. बऱ्याच ठिकाणी होकायंत्राची उत्तर आणि नकाशावरची उत्तर यांत कित्येक अंशांचं अंतर असतं. आपल्याकडे ते एका अंशाच्याही आत आहे. हे मोजण्याची परंपराही इथलीच. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असं दिसू लागलं, तेव्हा विजेमुळे नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेलं, आणि तिथली इमारत चुंबकत्व नसलेल्या दगडात बांधली. नानाभाई मूस तेव्हा तिथले संचालक होते. ट्राम धावायच्या आधी माणसांनी हा विचार केला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

विमानात मात्र विजेच्या तारांपेक्षा माणसांच्या वस्तू जास्त त्रास देतात. हेडफोन काढून पॅनलवर ठेवला की त्यातल्या चुंबकाने होकायंत्र वळतं. एका विमानाचं होकायंत्र अचानक बरेच अंश चुकू लागलं; स्क्रू बदलले का, नवा रेडिओ बसवला का, सगळं विचारून झालं. शेवटी पॅनलवरच्या गणपतीच्या छोट्या मूर्तीकडे लक्ष गेलं. तिच्या तळाशी चुंबक होता. मालकांनी स्वतः हात जोडून ती काढली. आम्ही चुंबक वेगळा करून मूर्ती मागच्या बाजूला पक्की बसवून दिली. त्यांची श्रद्धा आणि माझं होकायंत्र, दोन्ही जागेवर राहिलं.

साक्षीदार शोधायचं काम विमान स्वतः बांधणाऱ्याला तर अगदी सुरुवातीपासून करावं लागतं. कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिलं, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे, नोंदणी झाली. ती बातमी वाचली तेव्हा पहिला विचार मनात आला तो स्टॅटिक पोर्टचा. कंपनीच्या विमानात ते भोक धडावर नेमकं कुठे असावं हे आधीच शोधून ठेवलेलं असतं. स्वतः विमान बांधणाऱ्याला ते उडून शोधावं लागतं: एकाच वेगाने परस्परविरुद्ध दिशांना उडायचं, जीपीएसचे आकडे घ्यायचे, वाऱ्याचा भाग वजा करायचा, आणि मग कळतं की आपला वेगमापक किती खरा आहे.

नव्या विमानासारखंच दुरुस्त केलेलं विमानही उडवून तपासावं लागतं. २८ जून २०१८च्या दुपारी जुहूहून दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणाला गेलेलं किंग एअर सी-९० आमच्या घाटकोपर पश्चिमेला, जीवदया लेनजवळ बांधकामाच्या जागेत कोसळलं. दोन पायलट, एक मेंटेनन्स इंजिनीअर, एक तंत्रज्ञ आणि रस्त्यावरून जाणारा एक माणूस, असे पाच जण गेले. त्याच्या कारणांविषयी मी इथे काही म्हणत नाही. मला बोलायचंय ते त्या इंजिनीअरविषयी आणि तंत्रज्ञाविषयी. दुरुस्ती करणारी माणसं चाचणीच्या उड्डाणात बसतात, हे बाहेर फार कुणाला माहीत नसतं. लॉगबुकात आमची सही आणि लायसन्सचा नंबर असतो, आणि कित्येकदा त्या सहीमागोमाग आम्ही स्वतः विमानात चढतो. त्या जागेसमोरून रिक्षा गेली की मी आजही तिकडे पाहते.

आता पॅनलवर तबकड्यांऐवजी पडदे आले आहेत. गार्मिनचा जी-१००० बसवलेली सेस्ना १७२ आणि डायमंडची विमानं आपल्याकडच्या प्रशिक्षण संस्थांतही उडतात. तरुण मुलं विचारतात, “मॅडम, आता इन्स्ट्रुमेंट शॉपचं काय काम?” मी त्यांना विमानाबाहेर नेते. पंखाखाली पिटो ट्यूब तशीच आहे, धडावर स्टॅटिक पोर्ट तसाच आहे. पडदा आकडे देतो ते याच दोन भोकांतून आलेल्या हवेवरून. फिरतं चाक गेलं, त्याच्या जागी सॉलिड-स्टेट सेन्सर आले. पण दिशेसाठी पंखात मॅग्नेटोमीटर बसवलेला असतो, आणि तो बदलला की विमान पुन्हा मोकळ्या जागी नेऊन गोल फिरवत कॅलिब्रेट करावं लागतं. बऱ्याच जी-१००० सेस्नांत बनवणाऱ्यांनी पडद्यांच्या खाली तीन गोल तबकड्या ठेवल्या आहेत, वेग, क्षितिज आणि उंची, आणि वर काचेपाशी ते जुनं होकायंत्र. त्या तबकड्यांची लीक टेस्ट मी मुलांकडून करून घेते. झडप बंद करायची, काटा हजारावर आहे ना ते पाहायचं, आणि पूर्ण एक मिनिट कुणीही बोलायचं नाही.